एक गुणसूत्र सुटं असेल, तर सगळी थांबतात
पेशी दुभंगण्याआधीचा हा क्षण मला सर्वांत विलक्षण वाटतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन जुळ्या प्रती. दोन्ही टोकांकडून आलेले तंतू त्यांना पकडून मध्यावर आणतात. त्यातलं एकच सुटं राहिलं, तरी अख्खी पेशी थांबते! तंतू न लाभलेली त्याची जोडजागाच ‘थांबा’ असा रासायनिक संदेश सोडत राहते. १९९५ मध्ये कॉन्ली रीडर आणि सहकाऱ्यांनी नेमकी ती इवलीशी जागा लेझरनं नष्ट केली. गुणसूत्र नीट जोडलेलं नसतानाही पेशी पुढे सरकली!

डीएनएची मोडतोड तपासणारे नाके याआधीच लागतात, पण माझा जीव या शेवटच्या नाक्यात गुंतलाय. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषधही तंतूंची हालचाल गोठवून पेशींना इथंच अडकवू शकतं.