न दिसणारी लुकलुक, दुखणारे डोके

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झेपावू लागला की घरोघरी खिडक्यांवर पडदे ओढले जातात, कूलर सुरू होतात आणि अंधारलेल्या खोलीत मोबाइल व संगणकावरचे काम चालू राहते. डोळ्यांना त्रास नको म्हणून पडद्याचा उजेड अगदी कमी केला जातो. काहींचा त्रास मात्र नेमका तेव्हाच वाढतो. कपाळ जड होते, मळमळते, अक्षरे थरथरल्यासारखी वाटतात. नेत्रतपासणीत दोष आढळत नाही आणि 'मनाचे खेळ' असा शेरा पदरी पडतो. या तक्रारीमागे पडद्याची लुकलुक हे खरेखुरे कारण असू शकते.

उजेड कमी होतो म्हणजे काय?

पडद्याचा उजेड दोन प्रकारे कमी करता येतो. एक म्हणजे विजेचा प्रवाहच कमी करणे. दुसऱ्या प्रकारात दिवे पूर्ण तेजाने लावून सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू केले जातात. बंद राहण्याचा काळ जितका अधिक, तितका पडदा मंद भासतो. या तंत्राला 'पल्स विड्थ मॉड्युलेशन' म्हणतात. ओलेड पडद्याच्या अनेक मोबाइलमध्ये ही उघडझाप सेकंदाला सुमारे २४० वेळा होते. काही नव्या मोबाइलमध्ये ती दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजेच उजेड कमी करणे हा सर्रास दिला जाणारा सल्ला अशा पडद्यावर लुकलुक अधिक तीव्र करतो.

सेकंदाला साठ ते नव्वदच्या पुढची उघडझाप बहुतेकांना जाणवत नाही. पण जाणवत नाही म्हणून शरीरावर तिचा परिणामच होत नाही, असे मात्र नाही. ट्यूबलाइटने हे पूर्वीच दाखवून दिले. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. ब्रिटनमध्येही वीजपुरवठा ५० हर्ट्झचाच आहे. तेथील एका कार्यालयात अर्नोल्ड विल्किन्स व सहकाऱ्यांनी उच्च वारंवारितेचे इलेक्ट्रॉनिक चोक बसवून पाहिले, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या डोकेदुखीचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोणता दिवा कोणत्या प्रकारचा, हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. पुढे २०१५ मध्ये 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेने एलईडी दिव्यांच्या लुकलुकीबाबत शिफारशी जाहीर केल्या. उघडझाप जितकी जलद, तितका धोका कमी, हे त्यांचे सूत्र. अर्धशिशीच्या रुग्णांना हा त्रास होण्याची शक्यता अधिक असते.

पडताळणी कशी करावी?

पडद्याचा उजेड कमी करून दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने, शटरचा वेग वाढवून, त्याकडे पाहावे. अनेक ठळक काळे पट्टे दिसल्यास उघडझाप असल्याचा तो संकेत होय. त्यानंतर आठवडाभर पडद्याचा उजेड वाढवून आणि खोलीतही पुरेसा प्रकाश ठेवून काम करावे व डोकेदुखीची नोंद ठेवावी. फरक पडला तर दिशा सापडली. खोलीतील दिवाही तपासावा. स्वस्त एलईडी बल्बमध्ये विजेच्या लाटा पुरेशा गाळल्या जात नसतील, तर तोही सेकंदाला शंभरदा लुकलुकतो.

उपाय साधे आहेत. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'डीसी डिमिंग' किंवा लुकलुक कमी करणारा पर्याय असल्यास तो सुरू करावा. तो नसल्यास उजेड वाढता ठेवून पार्श्वभूमी गडद करावी. संगणकासाठी लुकलुकरहित मॉनिटर निवडावा. नवा मोबाइल घेताना दुकानातच उजेड कमी करून काही मिनिटे वाचून पाहावे.

प्रत्येक डोकेदुखीचे खापर मात्र लुकलुकीवर फोडू नये. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तर अधिकच. चष्म्याचा चुकलेला क्रमांक हेही नेहमीचे कारण आहे. म्हणून आधी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक. दृष्टी अचानक अंधुक होणे, झटके येणे किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे असल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. प्रकाशामुळे येणारी अपस्माराची फीट हा वेगळा विकार असून तो डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या संथ लखलखाटाने उद्भवतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेतील लाल-निळ्या झगमगाटानंतर सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते, ते याच कारणाने.

मिहान आणि गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये आठ-नऊ तास पडद्यापुढे बसणाऱ्यांसाठी हा प्रश्न उपजीविकेचा आहे. मॉनिटर बदलून मिळावा, ही मागणी त्यांच्यासाठी चैन ठरत नाही. खुर्ची किंवा टेबल बदलून मागण्याइतकीच ती रास्त आहे. त्यासाठी एवढेच मान्य व्हायला हवे, की डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचाही त्रास खरा असू शकतो.