निस्तेज मोटरहोमची झिलई

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे वाळवंटी गाव आहे. उन्हाळ्यात तेथे फारशी वस्ती नसली, तरी हिवाळा लागताच उत्तरेकडील थंडीला कंटाळलेली, बहुधा सेवानिवृत्त मंडळी आपापली मोटरहोमे घेऊन तेथे मुक्कामाला येतात आणि सरकारी माळावर फिरत्या घरांची एक नगरीच वसते. या नगरीत लखलखीत नव्या गाड्यांच्या शेजारी अशाही काही जुन्या गाड्या उभ्या असतात की, ज्यांचा मूळचा गडद निळा किंवा तांबडा रंग पांढुरका पडलेला असतो, आणि ज्यांच्या अंगावरून तळहात फिरवावा तर पांढरी भुकटी हाताला लागते.

ही भुकटी गाडीच्याच अंगाची असते. फायबरग्लासच्या भिंतींवर जेलकोटचा, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा लेप असतो. उन्हातील अतिनील किरण या रेझिनमधील रासायनिक बंध तोडतात. त्यातून उत्पन्न होणाऱ्या मुक्त मूलकांशी हवेतील ऑक्सिजन संयोग पावतो, आणि एकदा सुरू झालेली ही शृंखला रेझिनच्या लांबलचक रेणूंचे तुकडे पाडत जाते. ठिसूळ झालेला पृष्ठभाग पावसाने झिजतो, आणि आधार सुटलेले रंगद्रव्याचे कण वर उघडे पडतात. त्यातही मौज अशी की, पांढऱ्या रंगासाठी घातलेले टिटॅनियम डायऑक्साइड स्वतःच अतिनील किरण शोषून भोवतालच्या रेझिनचा नाश त्वरेने घडवू शकते. कुंपणानेच शेत खावे असा हा मामला असल्याने, कारखानदार त्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिना यांचा पातळ थर आधीच चढवून बंदोबस्त करतात.

झिलई जाते ती मात्र पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारणतः ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा तिच्या अल्पशा अंशाहून अधिक झाला की प्रकाश एका दिशेने परावर्तित न होता चहूकडे विखुरतो आणि रंगावर पांढरी छटा चढते. अशा गाडीवर बादलीभर पाणी ओतले तर रंग तत्क्षणी उजळतो, कारण खळग्यांतील हवेची जागा पाणी घेते आणि पाण्याचा वक्रीभवनांक (१.३३) रेझिनच्या वक्रीभवनांकाला (सुमारे १.५५) हवेपेक्षा पुष्कळ जवळचा असतो. पाणी वाळले की पूर्वस्थिती. म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ती नुकतीच धुतलेली असताना पाहू नये, हे सांगून ठेवतो.

ॲक्रिलिकचे चकाकणारे द्रव फासण्याची युक्तीही याच तत्त्वावर चालते. परंतु तो पापुद्रा उन्हात पिवळा पडून सुटू लागला की काढता काढता नाकी नऊ येतात. खरी दुरुस्ती म्हणजे मेलेला थर खरवडून काढणे. प्रथम साबणाने धुऊन गाडी कोरडी करावी. मग सावलीत, तापलेल्या अंगावर मुळीच नव्हे, कंपाउंडने यंत्राच्या साहाय्याने घासावे, नंतर बारीक पॉलिश फिरवावे आणि शेवटी मेण लावावे. कंपाउंडातील घर्षक कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. थर फारच मेला असेल तर आधी १००० किंवा २००० क्रमांकाचा पॉलिशपेपर पाण्यासह वापरतात.

मात्र प्रत्येक घासणीत त्या अर्ध्या मिलिमीटरातून काही अंश कायमचा खर्ची पडतो, आणि तो भरून येत नाही. यास्तव कोपऱ्यातील वीतभर जागेवर आधी सौम्य पॉलिश लावून पाहावे, आणि तेवढ्याने भागले तर जहाल कंपाउंडाच्या वाटेस जाऊ नये, हेच किफायतीचे धोरण होय.

आपल्याकडे मोटरहोमे विरळा. परंतु कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील फायबरच्या होड्यांवरही बहुधा हाच लेप असतो. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवण्यात कोकणी माणूस हयगय करीत नाही. हंगामाला त्या पाण्यात लोटण्यापूर्वी मेणाचा एक हात दिला आणि पुढे रिकाम्या दिवसांत उन्हापासून आच्छादनाची तजवीज केली, तर कंपाउंडचा डबा उघडण्याची पाळी बरीच वर्षे येणार नाही.