फॉरेन कीचा एरर: अडथळा की माहिती?

ऑर्डरच्या टेबलात ग्राहक क्रमांक ४२ लिहिला आणि ग्राहकांच्या टेबलात ४२ नसेल, तर फॉरेन कीच्या नियमामुळे डेटाबेस ती ओळ नाकारतो. एवढ्यावरून फॉरेन कीच काढून टाकणारे पुष्कळ असतात. त्याआधी एरर शेवटच्या शब्दापर्यंत वाचायला हवा.

गैरसमज: हा एरर म्हणजे ‘संदर्भ सापडला नाही’, बस्स.

वस्तुस्थिती: नियम दोन्ही बाजूंनी मोडतो. नसलेल्या ग्राहकाची ऑर्डर घातली, तर ओरॅकल ओआरए-०२२९१ देतं आणि मायएसक्यूएल १४५२. ऑर्डरी शिल्लक असताना ग्राहकच पुसायला गेलात, तर अनुक्रमे ओआरए-०२२९२ आणि १४५१. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये दोन्हींना सहसा एकच कोड, २३५०३. पण खालची ‘डिटेल’ची ओळ बाजू सांगते: की दुसऱ्या टेबलात नाही, किंवा तिथून अजून तिचा संदर्भ आहे. उपायही बाजूप्रमाणे बदलतात. पहिल्या प्रकारात चुकीचा क्रमांक किंवा ओळी घालण्याचा क्रम तपासायचा. दुसऱ्यात त्या ऑर्डरींचं काय करायचं हे आधी ठरवायचं. एसक्यूएल सर्व्हरचा ५४७ तर चेक कन्स्ट्रेंट मोडल्यावरही येतो, म्हणून तिथे नुसत्या क्रमांकावर विसंबू नये.

गैरसमज: कोणती की मोडली हे प्रत्येक डेटाबेस सांगतो.

वस्तुस्थिती: एसक्यूलाइट फक्त फॉरेन की कन्स्ट्रेंट फसल्याचं कळवतं, ना टेबल, ना कीचं नाव. आतमध्ये ते न जुळलेल्या संदर्भांची नुसती मोजणी ठेवतं. स्टेटमेंट किंवा ट्रान्झॅक्शन संपताना ती शून्यावर आली नाही की एरर. कोणत्या कीमुळे ते मोजणीत उरतच नाही. शिवाय तिथे ही तपासणी सहसा मुळात बंद असते, दर कनेक्शनला चालू करावी लागते. माझ्या मते यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र पुढचा आहे.

गैरसमज: एरर आला नाही, म्हणजे डेटा शुद्ध.

वस्तुस्थिती: कॉलममध्ये नल असेल तर तपासणीच होत नाही. मायएसक्यूएलमध्ये मोठा डेटा भरताना अनेक जण फॉरेन की तपासणी बंद करतात. ती पुन्हा चालू केल्यावर आधी शिरलेल्या अनाथ ओळी कोणी तपासत नाही. त्या गुपचूप राहतात. त्या शोधायला लेफ्ट जॉइन लावून, की भरलेली असूनही मूळ ओळ सापडत नाही असे रेकॉर्ड स्वतः काढावे लागतात.

गैरसमज: ज्या ओळीवर एरर, तिथेच चूक.

वस्तुस्थिती: पोस्टग्रेस्क्यूएल आणि ओरॅकलमध्ये तपासणी पुढे ढकलता येते. मग इन्सर्ट बिनबोभाट होतो आणि एरर थेट कमिटला येतो. चूक त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मागे शोधायची.

एरर प्रोग्राममध्ये पकडताना मजकुरातले शब्द जुळवू नका. पोस्टग्रेस्क्यूएलचा संदेश सर्व्हरच्या भाषेप्रमाणे बदलू शकतो; कोड आणि कन्स्ट्रेंटचं नाव स्वतंत्रपणे मिळतं, तेच वापरा.