रोजा कोणी धरायचा, जकात कोणी द्यायची

रमजान आला की ऑफिसात हमखास विचारलं जातं, "पाणीसुद्धा नाही? घरच्या म्हाताऱ्यांनाही?" पाण्याबद्दल ऐकलेलं खरं आहे. पहाटे उजाडायच्या आत सेहरी उरकली की सूर्य मावळेपर्यंत घोटभरही नाही. पण रोजा सरसकट सगळ्यांवर असतो, हा गैरसमज. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना सूट आहे. पाळीच्या दिवसांत तर रोजा धरायचाच नसतो. सुटलेले रोजे पुढे भरून काढायचे. वयामुळे किंवा कायमच्या दुखण्यामुळे तेही जमणार नसेल, तर एकेका रोजाबद्दल एका गरजूला जेवू घालायचं. याला फिदया म्हणतात. कुरआनात रोजाच्या आदेशाला लागूनच ही मुभा आहे. ती वगळून रोजाकडे पाहिलं तर नुसता कडकपणा दिसतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

नमाजचंही तसंच. उभं राहवत नसेल त्याने बसून पढावी, बसवत नसेल त्याने पडल्यापडल्या खुणेने. पण आजारपणातही शुद्धीवर असेपर्यंत ती सोडायची नाही, इतकं तिचं मोल.

मुसलमान काबाची पूजा करतात, असंही अनेकांना वाटतं. काबा ही नमाजची दिशा. पूजा फक्त अल्लाहची. सुरुवातीचे मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. दिशा बदलली ती मदिनेला आल्यावर, इ.स. ६२४च्या सुमारास. काबाची यात्रा, म्हणजे हज, आयुष्यात एकदाच फर्ज (बंधनकारक), तीही ऐपत असेल तरच.

सगळ्यात कमी माहिती असते ती जकातीची. ती मनाला येईल तेवढी द्यायची खैरात नव्हे, फर्ज आहे. साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा जास्त बचत चांद्रवर्षभर टिकली, की तिच्यावर अडीच टक्के. चार लाख शिल्लक असतील तर दहा हजार. राहतं घर, वापरातली गाडी, कारागिराची हत्यारं यांवर जकात नाही. दागिन्यांवर मतभेद आहे : हनफी विचारधारेचे मुसलमान सोन्याचांदीच्या दागिन्यांवर जकात काढतात, कोकणी मुसलमान बहुतेक शाफई विचारधारेचे, त्यांच्यात नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर ती धरत नाहीत. आईवडिलांना आणि मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणं हे कर्तव्यच. गरजू भावाबहिणीला देता येते, आणि हे पैसे जकातीचे आहेत असं त्यांना सांगावंही लागत नाही.