बियाण्याचा मासा
(लेखांक 6)

भरिताच्या वांग्याचं बी घरी धरायचं, तर एका झाडावर भागत नाही. शेतभर हिंडून चांगली झाडं हेरायची, त्यांची फळं तोडणीतून वगळायची, झाडावरच पिवळी पडू द्यायची. बामणोदकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. माशाच्या बियाण्याचं गणितही असंच आहे, फक्त तिथे झाडं पाण्याखाली असतात.

हिरालाल चौधुरी यांनी 10 जुलै 1957 रोजी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांचं प्रजनन घडवलं, ते मागच्या भागात पाहिलं. त्या टोचणीमुळे आज हतनूर, गिरणा, अक्कलपाडा अशा जलाशयांसाठी रोहू, कटला, मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, तयार करता येतात. प्रश्न आहे तो टोचणीसाठी कोणता मासा निवडायचा हा.

रोहूची किलोभराची मादी दोन लाखांवर अंडी देते. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत जिऱ्यांची, म्हणजे अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिलांची, मागणी भागवायला मूठभर माद्या पुरतात, आणि गाडं तिथेच अडतं. त्याच मूठभर आयांची लेकरं पुढे प्रजनक म्हणून टाकीत येतात. सख्ख्यात सख्खं होत जातं. एकनाथ आणि डॉयल या संशोधकांनी कर्नाटकातल्या मत्स्यबीज केंद्रांचा हिशेब 1990 साली मांडला, तेव्हा अंतःप्रजननाचा वेग पिढीमागे 2 ते 17 टक्के निघाला. अशा बियाण्याची वाढ खुंटते, मर वाढते, आणि मच्छीमार खाद्याला नाहीतर पाण्याला दोष देत बसतो.

भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्यसंवर्धन संस्थेनं यावर उपाय शोधला. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा, सतलज अशा नद्यांचे रोहू एकत्र आणले, नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीनं घराणी वेगळी ठेवून निवड केली. 1997 साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, 'जयंती रोहू' बाहेर आला. वाढीत पिढीमागे सुमारे 17 टक्के फरक. तळ्यासाठी हे सोनं आहे.

नदीचं तसं नाही. अमेरिकेत ओरेगॉनच्या हूड नदीत स्टीलहेड नावाचा मासा समुद्रातून अंडी घालायला परततो. तिथल्या केंद्रात वाढलेल्या स्टीलहेडचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत पिलं देण्याची कुवत सुमारे 40 टक्क्यांनी घटत होती. टाकीत सावलीला न बुजणारा, हातातलं खाद्य आधी पकडणारा मासा पुढे जातो. नदीत शिकाऱ्याची पहिली झडप पडते ती त्याच्यावरच.

आपल्याकडे याचा धडा लोणावळ्याचा. पुण्याच्या नद्यांमधून साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 साली ज्याचं वर्णन केलं तो खडशी, म्हणजे दख्खनचा महासीर, आटत चालला होता. लोणावळ्यातल्या टाटांच्या वळवण केंद्रात 1970च्या दशकापासून त्याचं बीज तयार होऊ लागलं. ओल्या फडक्यात मादी धरून पोटावरून अलगद बोटं ओढायची, अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचं वीर्य सोडून पिसानं ढवळायचं. पाणी शेवटी, कारण पाणी लागलं की शुक्राणू मिनिटभरच चपळ राहतात. सगळा निकाल त्या भांड्यात लागतो. तीन नरांचं वीर्य एकत्र ओतलं तर जोरकस नराचीच पिलं जास्त होतात. म्हणून अंड्यांचे वाटे करून प्रत्येक वाट्याला वेगळा नर द्यावा. काम तिप्पट होतं, पण नदीचं वाण टिकतं.

वळवणच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही तिथलं बीज कावेरीत सोडलं गेलं, तिथे निळ्या परांचा खडशी फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महासीर मागे पडला. त्याची शास्त्रीय ओळख, टॉर रेमादेवी, 2018 साली पक्की झाली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याला नाव मिळेपर्यंत त्याच्या घरात दुसरा राहायला आला होता.

आपल्या तापीत महासीर पुन्हा सोडायचा विचार कोणी केला, तर सोपी वाट लोणावळ्याहून बोटुकली आणण्याची असेल. ती घेऊ नये. तापी-नर्मदेचा महासीर टॉर टॉर आहे, खडशी नव्हे. आधी तापीच्या वरच्या डोहांत उरलेला मासा शोधावा, भोई बांधवांना विचारावं, शेपटीच्या पराचा बारीक तुकडा घेऊन जनुकं तपासावीत. किमान पन्नास जोड्या जमेपर्यंत टोचणीची सुई बाहेर काढू नये.

पुढच्या भागात : खुणेचा मासा ओळखायचा कसा.