आकडा लिहा, सूर ऐका

मैत्रिणींनो, गटात कॉम्प्युटरचा विषय निघाला की हिशोब, अर्ज आणि ऑनलाइन नोंदी एवढंच डोळ्यांपुढे येतं. बटण दाबायची वेळ आली की आपण एखाद्या शिकलेल्या मुलाला हाक मारतो. ‘चुकून काही बिघडलं तर?’ ही खरी भीती. ती घालवायचा एक मजेचा मार्ग आहे. कॉम्प्युटरकडून सूर वाजवून घ्यायचे, तेही सगळ्याजणींनी मिळून.

कोड म्हणजे काय?

कोड म्हणजे कॉम्प्युटरला क्रमाने लिहून दिलेल्या सूचना. पुरणपोळीची कृती आपण सांगतो ना, आधी डाळ शिजव, मग गूळ घाल, तसंच. फरक एवढाच की माणसाला अंदाज कळतो, कॉम्प्युटरला कळत नाही. जे लिहिलं तेच तो करतो.

सूर काढण्यासाठी ‘सॉनिक पाय’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. सॅम ॲरन यांनी ते २०१२ साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठात शाळेतल्या मुलांना शिकवण्यासाठी बनवलं. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप लागतो. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं.

दोन शब्दांत सुरुवात

पहिल्या दिवशी दोनच इंग्रजी शब्द लागतात. ‘प्ले’ म्हणजे वाजव आणि ‘स्लीप’ म्हणजे थांब. पहिल्या ओळीत ‘प्ले ६०’ लिहायचं, दुसऱ्या ओळीत ‘स्लीप १’, मग ‘प्ले ६४’, पुन्हा ‘स्लीप १’ आणि शेवटी ‘प्ले ६७’. ‘रन’ बटण दाबलं की एकेका सेकंदाच्या अंतराने तीन सूर ऐकू येतात.

भजनी मंडळातल्या ताईंना हे लगेच उमगेल. पेटीची प्रत्येक पट्टी, काळी असो वा पांढरी, म्हणजे एक आकडा. ६० ला सा धरला तर ६४ म्हणजे ग, ६७ म्हणजे प आणि ७२ म्हणजे वरचा सा. असं का? आवाज म्हणजे हवेतली कंपनं. ६० या सुरात सेकंदाला साधारण २६२ कंपनं होतात आणि ७२ ला त्याच्या दुप्पट. कंपनं वाढली की सूर चढतो.

आता ‘स्लीप’ची ओळ लिहायला विसरलात तर? काही बिघडत नाही. तिन्ही सूर एकदम वाजतात, बस. ‘प्ले’चं स्पेलिंग चुकलं तर आवाज तिथेच थांबतो आणि कितव्या ओळीत चूक आहे ते पडद्यावर दिसतं. दुरुस्त करा, पुन्हा ‘रन’ दाबा. चूक कानाला कळते, मशीन मोडत नाही. भीती जाते ती इथेच.

पुढची पायरी म्हणजे ‘लूप’, तेच तेच फिरवत राहणं. जात्याचा फेरा जसा थांबेपर्यंत फिरतो तसा. सॉनिक पायमध्ये तबल्याचे बोलही भरलेले आहेत, त्यांचा ठेका फिरवत ठेवता येतो. फोनवर टिपलेला आपल्या जात्याचा किंवा टाळांचा आवाजसुद्धा कॉम्प्युटरवर घेऊन त्यात वाजवता येतो.

कार्यशाळा सगळ्यांची कशी होईल?

कॉम्प्युटर समोर ठेवला म्हणजे सगळ्या शिकतात असं नाही. येतं तिच्याच हातात माऊस राहतो, बाकीच्या मागे उभ्या. म्हणून काही गोष्टी आधी ठरवाव्यात.

एका कॉम्प्युटरपाशी तिघीच बसाव्यात. दर दहा मिनिटांनी जागा बदलावी. शिकवणाऱ्या ताईने तोंडाने सांगावं, माऊस हातात घेऊ नये.

लागणारे शब्द मोठ्या अक्षरांत कार्डावर लिहावेत, खाली मराठीत उच्चार. जिला वाचता येत नाही ती अक्षरं जुळवून टाइप करू शकते.

जिला दिसत नाही तिने सूर आणि आकडा सांगावा, शेजारणीने टाइप करावा. बरोबर वाजलं का, हे तिचा कान ठरवील. जिला ऐकू येत नाही तिने स्पीकरवर हात ठेवावा. खालच्या सुरांची थरथर हाताला जाणवते. आवाजाची लाट पडद्यावरही पाहता येते.

जागा पायऱ्या नसलेली हवी. वेळ शेतातली कामं आणि चूल सांभाळून ठेवावी. लहान मुलांना घेऊन यायला मनाई नको.

याचा उपयोग काय?

यातून उद्याच पैसे मिळतील असं नाही. पण आपल्या पापड-मसाल्याचा व्हिडिओ करताना आपण सिनेमाचं गाणं लावतो. परवानगी नसेल तर त्या व्हिडिओचा आवाज काढला जाऊ शकतो, व्हिडिओच बंदही होऊ शकतो. स्वतः बांधलेली धून आपली असते, ती लावायला कुणाला विचारावं लागत नाही. आणि जो हात न घाबरता सूर लिहितो, तो गटाची ऑनलाइन नोंदही करायला धजावतो.

‘हे बायकांचं काम नाही’ असं कुणी म्हणालं तर एक गोष्ट सांगा. असं यंत्र एक दिवस संगीतही रचू शकेल, हे १८४३ साली इंग्लंडमधल्या एका बाईनेच लिहून ठेवलं होतं. तिचं नाव एडा लव्हलेस. सावित्रीबाईंची पुण्यातली शाळा सुरू व्हायच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावात चालू कॉम्प्युटर कुठे आहे, आणि आठवड्यातून दोन तास तो बायकांच्या हातात कधी येईल? वेळ ठरली की पहिली ओळ ‘प्ले ६०’.