विश्लेषण : आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे इतकी कमी का उरली?

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी संध्याकाळी फोटोसाठी मोबाइल बाहेर निघतातच. शंभरेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात एक चित्रकार असाच तलावाकाठचा बदलता उजेड कागदावर उतरवत होता. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

ते कोण होते?

कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतले सुरुवातीचे मोठे नाव. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. कोटितीर्थ आणि रंकाळा हे त्यांचे आवडते विषय. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले.

जलरंगात अवघड काय?

तेलरंगात चूक झाकता येते, पारदर्शक जलरंगात नाही. पाण्यावरची चमक म्हणजे बहुधा न रंगवलेला कोरा कागद. ती जागा आधीच ठरवून राखावी लागते. इंग्लंडच्या टर्नरने (१७७५-१८५१) याच माध्यमात धुके आणि उजेड रंगवून रोमँटिक निसर्गचित्राला उंची दिली.

चित्रे गेली कुठे?

१९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. ज्या पाण्याची चित्रे काढली, त्याच पाण्यात.

आज कुठे पाहता येतील?

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात त्यांची काही चित्रे आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा अर्धा तास तिथेही द्या. आणि घरात जुने जलरंगचित्र असेल, तर ते उन्हाच्या आणि ओलीच्या भिंतीवरून आजच हलवा. उडालेला रंग परत येत नाही.